गोळीने पोट साफ होतं, वावर नाही

भाजीच्या वाफ्यातली चमचाभर माती पाण्यात खळखळून गाळायची, साखरेच्या किंवा झिंक सल्फेटच्या दाट द्रावणात घालायची आणि नळी यंत्रात गरगर फिरवायची. माती तळाशी बसते, अंडी वर तरंगतात आणि नळीच्या तोंडावर ठेवलेल्या काचेला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसतात तपकिरी, खडबडीत काठाची, मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाएवढी. ही गोल जंताची अंडी. माणसाच्या आतड्यातली एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते.

ताजं अंडं कोणाला बाधत नाही. ओल, ऊब आणि सावली मिळाली की दोन-चार आठवड्यांत आत अळी तयार होते. मातीशिवाय त्याचं बाळंतपण पुरं होत नाही. कवच मात्र भलतंच चिवट: वर चिकट थर, खाली कायटिन, आत मेदाचा पापुद्रा. पाण्यात टाकतो त्या क्लोरीनला ते दाद देत नाही. प्रयोगशाळेत तर ही अंडी सौम्य फॉर्मॅलिनमध्ये ठेवून वाढवतात. बुरशी-जिवाणू मरतात, अंडी मजेत राहतात! मग सोयीच्या जमिनीत ती वर्षानुवर्षं तग धरतात, यात नवल ते काय.

दक्षिण कोरियाने हे फार जवळून पाहिलं. तिथे भाजीच्या शेतांना मैल्याचं खत घालायची जुनी रीत होती. ऑक्टोबर १९६३ मध्ये जोंजू शहरातल्या इस्पितळात ९ वर्षांच्या एका मुलीच्या पोटातून १,०६३ जंत निघाले, मुलगी दगावली. देश हादरला. १९६४ मध्ये जंतनिर्मूलनासाठी संघटना उभी राहिली, १९६६ मध्ये कायदा झाला आणि पुढे शाळाशाळांतून वर्षातून दोनदा शौचतपासणी सुरू झाली. १९७१ च्या पाहणीत ८४.३ टक्के लोकांच्या शौचात कुठल्या ना कुठल्या कृमीची अंडी सापडली. १९९७ मध्ये हे प्रमाण २.४ टक्क्यांवर आलं. श्रेय बहुतेक वेळा गोळ्यांना मिळतं. पण त्याच काळात शेतात मैल्याऐवजी रासायनिक खत आलं, संडास बदलले, आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच झालं. गोळी घेतलेल्या मुलाने त्याच वाफ्यातला मुळा तसाच खाल्ला, तर जंत पुन्हा हजर. आपल्याकडे २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात, १ ते १९ वयाच्या मुलांना अल्बेंडाझोल देतात, आणि वर्षातून एका गोळीवर भागत नाही ते यामुळेच.

म्हणून सोनखताला नावं ठेवायची का? आप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात संडास आणि मैल्याचं खत यांचा ध्यास घेतला, तो योग्यच होता. घात होतो तो घाईने. ही अंडी उष्णतेला मात्र नमतात: ढीग आतून ६२ अंशांपर्यंत तापला तर तासाभरात मरतात, ५० अंशांना एक दिवस लागतो, ४६ ला आठवडा. मात्र ढिगाचा वरचा थर गारच असतो, म्हणून चाळवाचाळव हवी. ढीग तापतच नसेल तर वाट पाहण्याला पर्याय नाही. दोन खड्ड्यांच्या संडासात भरलेला खड्डा निदान वर्षभर बंद ठेवायला सांगतात, तो काळ मुख्यतः या अंड्यांसाठी. सेप्टिक टाकीतला ताजा गाळ टँकरने थेट वावरात सोडणं म्हणजे आयती पेरणीच. सांडपाण्यावर भाजी पिकवायची, तर लिटरमागे एकाहून जास्त अंडी नकोत, असं जागतिक आरोग्य संघटना १९८९ पासून सांगते आहे. वाई आणि सिन्नरच्या नगरपालिकांनी टाक्या वेळापत्रकाने उपसून गाळावर प्रक्रिया सुरू केली, ही त्यातली चांगली बातमी.

कोथिंबीर, मेथी, कांद्याची पात वाहत्या पाण्यात पानन् पान चोळून धुवावी. अंडी चिकट असतात, नुसतं बुडवून निघत नाहीत. गाजर-मुळा सोलावा. शिजवलेल्या भाजीची चिंता नको. आणि घरी दोन खड्ड्यांचा संडास असेल, तर खड्डा बंद केल्याची तारीख ऑइलपेंटने झाकणावरच लिहावी. वर्षाने ती कोणालाच आठवत नाही, आणि प्रत्येकजण म्हणतो, 'झालं असेल की वर्ष.'