डॉक्टरांची परीक्षा घेणारी परीक्षाही तपासायला हवी

मेडिकल कॉलेजच्या सरकारी रुग्णालयात आपल्याला आधी तपासतात ते बहुतेक वेळा निवासी डॉक्टर. एम.बी.बी.एस. होऊन ते एम.डी. किंवा एम.एस.चे तीन वर्षांचे शिक्षण घेत असतात. ते तज्ज्ञ म्हणून तयार झाले की नाही, हे परीक्षा ठरवते. पण ती परीक्षा बरोबर आहे का, हे कोण तपासते? प्रश्न रुग्णाच्या जिवाचा आहे आणि शिकणाऱ्याच्या न्यायाचाही.

समजा, बी.पी.चे मशीन दरवेळी २० ने जास्त दाखवते. दहा वेळा मोजा, आकडा तोच येईल, पण चुकीचा. परीक्षेचेही तसेच आहे. पुन्हा मोजले तरी निकाल तोच येणे म्हणजे विश्वसनीयता. जे मोजायचे, तेच मोजले जाणे म्हणजे वैधता. दोन्ही असल्याशिवाय निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

लेखी पेपरात पाठांतर कळते. तापाने फणफणलेल्या लेकराच्या आईला डॉक्टर नीट विचारतो का, हे पेपरात दिसत नाही. म्हणून अमेरिकेत १९९०च्या दशकात ‘मिनी-सीईएक्स’ ही पद्धत आली. शिकाऊ डॉक्टर खरा रुग्ण तपासत असताना वरिष्ठ डॉक्टर १५-२० मिनिटे शेजारी उभे राहून पाहतात, गुण देतात आणि काय चुकले ते लगेच सांगतात. मात्र एकदा पाहून निकाल लावायचा नसतो. एखादा परीक्षक कडक असतो, एखादी केस सोपी असते. म्हणून वेगवेगळे रुग्ण आणि वेगवेगळे परीक्षक लागतात. ब्रिटनमध्ये तर सोबत काम करणाऱ्या नर्सचेही मत घेतात. आम्हा नर्सना हे पटते, कारण रात्रपाळीत डॉक्टर कसा वागतो हे आम्हीच पाहतो.

ब्रिटनमधल्याच एका परीक्षेचा वाद आपण समजून घेण्यासारखा आहे. तिथे जी.पी. म्हणजे फॅमिली डॉक्टर होण्यासाठीही खास प्रशिक्षण असते. त्याच्या प्रात्यक्षिक परीक्षेत रुग्णाचे काम नट करत. असे १३ रुग्ण, प्रत्येकाला १० मिनिटे. २०१३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनीझ इस्माईल व ख्रिस रॉबर्ट्स यांचा अभ्यास आला. ब्रिटनमध्येच शिकलेले, लेखी परीक्षेत बरोबरीचे गुण असलेले डॉक्टर घेतले तरी, गोऱ्यांपेक्षा अल्पसंख्य वंशाचे डॉक्टर पहिल्या प्रयत्नात नापास होण्याची शक्यता कितीतरी जास्त निघाली. परदेशात शिकून आलेल्यांची स्थिती त्याहून वाईट होती. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची ‘बापिओ’ ही संघटना न्यायालयात गेली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने परीक्षा कायदेशीर ठरवली. पण हा फरक कमी करण्यासाठी कॉलेजने पावले उचलली पाहिजेत, नाहीतर पुढे कर्तव्यभंग ठरू शकतो, असेही बजावले. ती परीक्षा २०२० मध्ये कोरोनाकाळात बंद झाली. २०२३ पासून तिच्या जागी नवी परीक्षा आली आहे.

यातून एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. निकालातला फरक म्हणजे भेदभावाचा पुरावा नव्हे. ताप हा आजार नसून आजाराची खूण असते, तसेच हे आहे. पण खूण दिसल्यावर तपासणी टाळणे हा गुन्हाच. एकाच उमेदवाराला दोन परीक्षक सारखे गुण देतात का? परीक्षकांना प्रशिक्षण दिले आहे का? निकाल गटवार पाहिले जातात का? पास झालेले डॉक्टर पुढे चांगले काम करतात का? हे प्रश्न आपल्याकडच्या प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेलाही विचारले पाहिजेत.

आपल्या घरातली मुलगी किंवा मुलगा निवासी डॉक्टर असेल, तर तिला-त्याला सांगा : गुण कशाला मिळतात ते आधीच विचारून घे. लॉगबुक त्याच दिवशी भर, सही घे. ‘कमी पडलास’ एवढ्यावर गप्प बसू नकोस. नेमके कुठे कमी पडलो, ते लिहून माग.

आणि आपण रुग्ण म्हणून गेलो, शिकाऊ डॉक्टरांशेजारी मोठे डॉक्टर पाहत उभे असले, तर बिचकू नका. त्रास खराखरा सांगा, समजले नाही तर पुन्हा विचारा. त्या डॉक्टरांची खरी परीक्षा तिथेच होत असते.