लेकुरवाळ्या घरातील रात्रीचा बेत: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुणे, सांगली, बेळगाव, नाशिक अशा गावांहून नोकरीनिमित्त बंगळूरास आलेली आणि कोरमंगलेच्या आठ ब्लॉकांत किंवा १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने उभारलेल्या गेम्स व्हिलेजच्या सदनिकांत स्थिरावलेली जी मराठी कुटुंबे आहेत, त्यांपैकी ज्यांच्या घरी दोन ते सहा वर्षांची मुले आहेत, त्यांना सायंकाळी सहा ते साडेआठ हा अवधी साऱ्या दिवसात अधिक कष्टाचा वाटतो. आईवडील दोघेही कचेरीतून थकून परततात, सिल्क बोर्डाच्या चौकातील कोंडीत बराच वेळ गेलेला असतो, पाळणाघरातून आणलेले मूल भुकेने आणि झोपेने किरकिरत असते, आणि नेमक्या त्याच वेळी ओट्यापुढे उभे राहून आज काय करावे याचा निर्णय घ्यावा लागतो. घरपोच जेवण आणून देणाऱ्या स्विगीचा प्रारंभ २०१४ साली याच कोरमंगलेत झाला, तेव्हा तयार अन्न मागवण्याची सोय इथे मुबलक आहे, आणि अडीअडचणीला तिचा आश्रय घेण्यात काही वावगे नाही. परंतु आठवड्यातील बहुतेक रात्री त्याच सोयीवर काढण्याची पाळी ज्या घरावर येते, त्या घरात वेळेच्या अभावाइतकाच काही दृढमूल गैरसमजांचाही अंमल असतो, असे माझे मत आहे. आणि ते गैरसमज दूर झाले तर स्वयंपाकाचे ओझे निम्म्याने हलके होईल, अशी माझी खात्री आहे.

यांतील पहिला आणि बराच जाचक समज हा की, रात्रीचे जेवण चौरस असले पाहिजे, म्हणजे पोळी, भाजी, वरण, भात आणि कोशिंबीर अशी पाचही अंगे दररोज ताटात उतरली पाहिजेत, नाहीतर मुलाच्या पोषणात उणीव राहते. शरीराचा जमाखर्च मात्र एका ताटापुरता नसून दिवसाचा, किंबहुना आठवड्याचा असतो. धान्यात लायसिन हे अमायनो आम्ल कमी असते आणि डाळीत मेथिओनिन कमी असते, म्हणून दोहोंचा मेळ एकाच जेवणात घातला पाहिजे, असे पूर्वी आहारशास्त्रातही मानले जात असे. फ्रान्सिस मूर लापे या अमेरिकन लेखिकेने १९७१ च्या आपल्या पुस्तकात या मतास मोठी प्रसिद्धी दिली आणि पुढे १९८१ च्या आवृत्तीत तिनेच ते मागे घेतले, कारण दिवसभरात दोन्ही पोटात गेली म्हणजे पुरे, असे दिसून आले होते. सकाळी डब्यात पोळी-भाजी खाल्लेल्या मुलाने रात्री नुसता तूप-मेतकूट-भात आणि वाटीभर दही खाल्ले, तर त्याच्या आईने किंवा वडिलांनी मनाला लावून घेण्याचे काहीच कारण नाही.

खरी काळजी करायची तर ती लोहाची करावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षे या वयातील भारतीय बालकांपैकी ६७.१ टक्के बालके पंडुरोगाने ग्रस्त आढळली, आणि ही स्थिती केवळ गरीब घरांतच आहे असे समजणे धाडसाचे ठरेल. डाळी, कडधान्ये आणि पालेभाज्या यांतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही, पण त्यावर लिंबू पिळले तर क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. खिचडीवरची लिंबाची फोड ही म्हणूनच त्या जेवणाची गरज आहे, केवळ चवीची बाब नव्हे. याच्या उलट, रात्री मूल जेवले नाही म्हणून त्याला मोठा पेलाभर दूध पाजून निजवण्याचा जो सर्रास शिरस्ता आहे, तो फारसा हितावह नाही, कारण दुधात लोह जवळजवळ नसते, आणि दिवसाकाठी अर्ध्या लिटरहून पुष्कळ अधिक दूध पिणाऱ्या मुलाची भूक त्या दुधानेच भागून जाते.

या विचाराने बेत आखू लागले की काम फार सोपे होते. माझा आग्रह असा आहे की, वाराला पदार्थ नेमून न देता पदार्थाचा प्रकार नेमून द्यावा: सोमवारी एका कुकरात होणारे काही, मंगळवारी वरण-भात आणि एक भाजी, बुधवारी तव्यावरचे, गुरुवारी इडली-दोशाच्या पिठाचे आणि शुक्रवारी पिठले किंवा कढी. प्रकार मुक्रर असला की सायंकाळी डोके शिणवावे लागत नाही, आणि पदार्थ बदलण्याची मुभाही राहते. बुधवारी कधी भाजणीचे थालीपीठ होईल, कधी मुगाचे धिरडे, तर कधी शेजारच्या कन्नड घरातून शिकलेली अक्की रोट्टी. दोन मोठी माणसे आणि दोन लहान मुले यांना दीड वाटी तांदूळ आणि पाऊण वाटी मूगडाळ यांची खिचडी, तीत गाजर, फरसबी किंवा लाल भोपळा घातला असता, पुरून उरते. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण घराघरांत रुजवले ते याच कारणाने उपयुक्त ठरले: प्रमाण ठाऊक असले की नवशिका नवराही कुकर लावू शकतो, आणि रोजचा स्वयंपाक एकट्या बाईच्या अंदाजावर विसंबून राहत नाही. भाजीची तजवीज शनिवारी किंवा रविवारीच करावी. कर्नाटकातील बागायतदारांच्या सहकारी संस्थेची, म्हणजे १९५९ पासून चालत आलेल्या हॉपकॉम्सची दुकाने शहरात जागोजागी आहेत. नाचणी तर या प्रदेशाचे मुख्य धान्यच आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, त्यामानाने तांदळात ते नगण्य असते, तेव्हा धिरड्याच्या पिठात मूठभर नाचणीचे पीठ मिसळणे हे बंगळूरात राहणाऱ्याने आवर्जून करावे.

आता कुकरासंबंधी. मुंबईहून किंवा कोकणातून आलेल्या पुष्कळ गृहिणींची तक्रार असते की, इथली तूरडाळ नि:सत्त्व आहे, कितीही शिजवली तरी शिजत नाही. डाळ बिचारी निर्दोष असते. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले आहे, आणि उंचीबरोबर हवेचा दाब घटत असल्यामुळे इथे पाणी शंभर अंशांना न उकळता जवळजवळ सत्त्याण्णव अंशांनाच उकळते. उघड्या पातेल्यात त्याहून अधिक उष्णता पाण्याला मिळूच शकत नाही, त्यामुळे डाळीला वेळ लागतो. दुसरे कारण पाण्याचे. कोरमंगलेतील अनेक सोसायट्यांना कावेरीच्या पाण्याबरोबरच कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी वापरावे लागते, ते बहुधा जड असते, आणि त्यातील कॅल्शियम डाळीच्या सालीतील व पेशींतील पेक्टिनशी बद्ध होऊन दाणा मऊ होऊ देत नाही. डाळ पिण्याच्या शुद्ध पाण्यात तासभर भिजवून कुकरात लावली की दोन्ही अडचणी दूर होतात. कुकरात जीवनसत्त्वे जळून जातात, हा समज तर वस्तुस्थितीच्या अगदी उलट आहे. आत तापमान एकशे वीस अंशांच्या आसपास जात असले तरी शिजण्याचा काळ इतका आखूड होतो आणि पाणी इतके कमी लागते की, उघड्यावर दीर्घकाळ उकळून पाणी ओतून दिलेल्या भाजीपेक्षा कुकरातील भाजीत क जीवनसत्त्व सामान्यतः अधिक टिकते. मायक्रोवेव्हच्या बाबतीतही हेच खरे आहे.

शिळ्या अन्नाविषयीचा आपल्याकडील निषेध मात्र तारतम्याने पाहिला पाहिजे, कारण त्यात सत्याचा अंश आहे आणि तो कोणता हे नीट कळणे अगत्याचे आहे. भातात बॅसिलस सिरीयस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत, आणि भात ओट्यावर उघड्या हवेत तासन्‌तास राहिला तर त्यांतून जीवाणू वाढून जे विष तयार करतात, ते पुढे कितीही गरम केले तरी नाश पावत नाही. दोष भात कालचा असण्यात नसून तो रात्रभर बाहेर राहण्यात असतो. पाच अंश ते साठ अंश या तापमानाच्या टप्प्यात जीवाणू झपाट्याने वाढतात, म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात काढून निववावा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करावा आणि संपवावा. एवढे पथ्य पाळले की पूर्वतयारीचा मार्ग मोकळा होतो. रविवारी शिजवून ठेवलेली डाळ मंगळवारपर्यंत फ्रिजमध्ये चांगली राहते, तिला फोडणी मात्र ताजी द्यावी. कांदा-खोबऱ्याचे वाटण लहान डब्यांतून गोठवून ठेवता येते. मळलेली कणीक दुसऱ्या दिवशी काळसर दिसते ती विकरांच्या क्रियेमुळे, नासल्यामुळे नव्हे. गोठवलेल्या मटारांनाही निकृष्ट मानू नये. तोडणीनंतर लवकरच ते वाफवून गोठवले जातात, त्यामुळे त्यांतील पोषणद्रव्ये चार दिवस बाजारात पडून राहिलेल्या शेंगांहून कमी नसतात. इडलीचे पीठ विकत आणण्यात संकोच वाटणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की, डिसेंबर-जानेवारीच्या इथल्या थंडीत घरचे पीठ रात्रभरात फुगतेच असे नाही, आणि तयार पीठ या शहरात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते.

रात्री दही दिल्याने सर्दी होते, या समजास आधार नाही. सर्दी विषाणूंमुळे होते, आणि पाळणाघरात जाणाऱ्या मुलांना ती परस्परांकडून होते. कन्नड घरांत मुले रात्री मोसरन्न, म्हणजे दहीभात, पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत.

परंतु आईबापांना सर्वाधिक छळणारा गैरसमज ताटातल्या पदार्थांचा नसून ताटात उरलेल्या घासांचा आहे. ‘आमचे मूल काही खात नाही’ हे वाक्य मी कोरमंगलेतील उद्यानांत बाकांवर बसलेल्या माता-पित्यांच्या आणि आजी-आजोबांच्या तोंडून जितके ऐकले आहे, तितके दुसरे कोणतेच ऐकले नाही. पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्मवेळच्या तिपटीला पोहोचते. दोन वर्षांनंतर मात्र ते वर्षाकाठी जेमतेम दोन किलोने वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही मंदावते, हा निसर्गक्रम आहे, आणि नेमक्या याच वयात अपरिचित पदार्थ नाकारण्याची प्रवृत्तीही प्रबळ होते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२८ पासून १९३९ पर्यंत प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधांत एक प्रयोग वर्णिला आहे. दूध सुटण्याच्या वयातील पंधरा बालकांपुढे चौतीस प्रकारचे साधे, अमिश्रित पदार्थ ठेवून, त्यांना जे हवे ते आणि हवे तितके घेऊ दिले असता, त्यांचे एकेक जेवण विचित्र दिसले तरी महिनोन्‌महिन्यांची गोळाबेरीज समतोल भरली आणि बालके निरोगी राहिली. याचा अर्थ मुलांना वाटेल ते खाऊ द्यावे असा लावणे चूक आहे, कारण त्या चौतीस पदार्थांत साखर आणि मैद्याचे खाद्य नव्हतेच; यादी मोठ्यांनी ठरवली होती, मात्रा मुलांनी. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी पुढे हीच वाटणी सूत्ररूपाने मांडली: काय, केव्हा आणि कोठे जेवायचे हे आईवडिलांनी ठरवावे, किती खायचे आणि खायचे की नाही हे मुलाने. लीन बर्च यांनी दोन वर्षांच्या मुलांवर केलेल्या आणि १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, नवा पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखायला मिळाला तितकी त्याची आवड वाढत गेली. दोन वेळा दुधीची भाजी थुंकली म्हणून ती कायमची हद्दपार करणारे आईवडील आवड निर्माण होण्यापूर्वीच प्रयत्न सोडतात. चमचाभर भाजी ताटात वाढावी, आग्रह करू नये, मोबाइलवर चित्रफीत लावून भरवू नये, आणि शेजारी मुलाला आवडणारी एक ओळखीची वस्तू, मग तो साधा तूप-भात का असेना, नेहमी असावी.

मुलांसाठी वेगळा फिका स्वयंपाक करण्याची गरजही फारशी उरत नाही. आमटीत तिखट व चिंच घालण्यापूर्वी दोन वाट्या डाळ बाजूला काढली की मुलांचे वरण झाले. एक वर्षाखालील बाळासाठी त्याच वेळी मीठविरहित वाटीभर काढून ठेवावे, आणि त्या वयात मध मात्र अजिबात देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर रोग होण्याचा धोका असतो. अख्खे शेंगदाणे व अख्खी द्राक्षे पाच वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकतात, म्हणून दाण्याचे कूट आणि द्राक्षाच्या उभ्या फोडी एवढीच सवलत द्यावी.

सर्वांनी एकत्र बसूनच रात्री जेवले पाहिजे, या सद्भावनेपायी मुलांना नऊ-साडेनऊपर्यंत तिष्ठत ठेवणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या हेतूविषयी मला आदर असला तरी परिणामाविषयी चिंता वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तासांची झोप लागते. शाळेची बस सकाळी साडेसातला येत असेल तर साडेआठला दिवे मालवणे ओघानेच आले, आणि मग जेवण सातच्या सुमारास व्हायला हवे. त्या वेळी घरी जो असेल, आई, वडील किंवा आजी, त्याने आपले ताट घेऊन मुलाबरोबर बसावे, एवढ्याने एकत्र जेवण झाले. ज्याला कचेरीतून पोहोचायला आठ वाजतात, त्याने आपली पाळी सकाळी घ्यावी, आणि पावणेसातला मुलाच्या शेजारी बसून गूळ घातलेल्या नाचणीच्या खिरीची वाटी त्याच्याबरोबर खावी.