'कोरोमांडल' पडदे : नाव आणि वस्तू

युरोपातील जुन्या प्रासादांत, आणि आता संग्रहालयांतही, काळ्या किंवा गडद तपकिरी तकतकीत भूमीवर रंगीत कोरीव चित्रे असलेले घडीचे उंच पडदे आढळतात. यांस 'कोरोमांडल लॅकर' असे नाव आहे. नावावरून ही कलाकृती हिंदुस्थानच्या पूर्व किनाऱ्यावर निर्माण झाली असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः हे पडदे चीनमध्ये तयार होत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय कंपन्यांच्या व्यापारात ते पूर्व किनाऱ्यावरील बंदरांतून पुढे जात, आणि वाटेतील मुक्कामाचे नाव मालाला चिकटले. इंग्रजांनी याच मालाला प्रारंभी 'बँटम काम' म्हटले होते. बँटम हे जावा बेटावरील बंदर. फ्रेंच व्यापाऱ्यांमध्ये अठराव्या शतकात रूढ झालेले 'कोरोमांडल' हेच नाव अखेरीस टिकले.

या नावाची घडण पाहण्याजोगी आहे. मूळ शब्द 'चोऴमंडलम्', म्हणजे चोळ राजांचा प्रदेश. तमिळमधील 'ऴ' हा वर्ण मराठीत 'ळ' होऊन आला; पोर्तुगीज कानांना तो 'र'च्या जवळचा वाटला. त्यामुळे 'चोरोमांडेल' असे रूप झाले. सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या इटालियन प्रवासवर्णनांत आद्य ध्वनी 'च' असाच लिहिलेला आहे. पोर्तुगीज लेखनात या 'च'साठी जी दोन अक्षरे वापरीत, त्यांचा उच्चार इतर युरोपीय वाचकांनी 'क' असा केला असावा. म्हणजे हा 'क' जिभेने घडविलेला नसून डोळ्यांनी घडविलेला दिसतो. ध्वनिपरिवर्तनाचे नियम शोधताना लिपीची ही मध्यस्थी अभ्यासक पुष्कळदा विसरतात. तंजावरच्या संबंधामुळे 'चोळमंडळ' हा शब्द मराठ्यांच्या लेखनात शुद्ध रूपात राहिला, तेव्हा मराठी वाचकाला 'कोरोमांडल' परका वाटतो, यात नवल नाही.

नावाचा दुसरा घटकही हिंदुस्थानीच निघतो. 'लॅकर' हा शब्द पोर्तुगीज आणि फारसी यांच्या द्वारे संस्कृत 'लाक्षा'पर्यंत मागे जातो. परंतु आपली लाख किड्यापासून मिळते, चिनी लॅकर हा एका वृक्षाचा चीक आहे. दोन्ही द्रव्यांचा परस्परांशी रासायनिक संबंध नाही. चिनी वस्तूच्या नावातील दोन्ही शब्द हिंदुस्थानातून गेलेले, आणि वस्तूत मात्र हिंदुस्थानचे काहीच नाही, असा हा प्रकार आहे.

चिनी भाषेत या कामास 'क्वान्-त्साइ' म्हणतात. कोरणे आणि रंग हे दोन अर्थ त्यात आले असून ते पद्धतीचे यथार्थ वर्णन होय. लाकडी फळीवर मातीसारख्या भरणाचे जाड अस्तर देऊन त्यावर लॅकरचे थर चढवीत. मग थर भेदून अस्तरापर्यंत आकृती कोरीत आणि खोलगट भागात रंग भरीत. आकृतींच्या काळ्या कडा तेवढ्या मूळ पातळीवर राहत. पडद्याच्या फळ्या बहुधा बारा, उंची पुष्कळदा आठ फुटांहून अधिक. असे कित्येक पडदे अधिकाऱ्यांना वाढदिवसानिमित्त भेट दिले जात. पुढील बाजूस प्रासादातील सोहळा, आणि मागे गौरवलेख, देणाऱ्यांची नावे व वर्ष. लेख उजवीकडून डावीकडे फळीमागून फळी वाचावयाचा असे.

युरोपात पोचल्यावर या वस्तूचे काय झाले, हे अधिक उद्बोधक आहे. तेथील सजावटकारांना घडीचा पडदा नको होता. त्यांना भिंतीची तक्तपोशी हवी होती. तेव्हा पडदे कापण्यात आले. काही उभ्या फळ्या तशाच भिंतीत बसविल्या, काहींच्या चौकटी करून कपाटांची दारे व आरशांच्या महिरपी बनविल्या, तर काहींची जाडीच चिरून दर्शनी आणि मागील बाजू वेगळ्या केल्या. नेदरलँड्समधील लेवार्डन येथील राजप्रतिनिधींच्या वाड्यात १६९५ पूर्वी अशा फळ्यांनी एक संपूर्ण दालन मढविले होते; ते आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. त्या काळीही हे सर्वांना रुचले नाही. स्टॉकर आणि पार्कर या इंग्रज लेखकांनी १६८८ मध्ये लॅकरकामावर ग्रंथ लिहिला. कापलेले तुकडे अर्थ न पाहता जोडणाऱ्यांची त्यात त्यांनी थट्टा केली आहे. चित्राचा क्रम ज्याला ठाऊक नाही, त्याला माणसे उलटी झाल्याचेही भान राहत नाही, हा त्यांचा आक्षेप रास्तच होता.

ही रीत पुढेही चालू राहिली. विसाव्या शतकात पॅरिसच्या वेशभूषाकार कोको शानेल यांनी आपल्या निवासात असे पडदे मोठ्या हौसेने मांडले आणि भिंतींनाही लावले. घडी मोडलेली नसल्यास पडदा पुन्हा उभा करता येतो, एवढा तरी त्यात फरक राहतो. चिरलेल्या फळीचे तसे नाही. तिची जाडी कमी भरते, पाठीवर करवतीच्या खुणा दिसतात आणि तेथे लेख नसतो. पडद्याची मिती व मालकाचे नाव बहुधा त्याच बाजूवर असल्याने, अशा फळीचा काळ ठरविताना अभ्यासकाजवळ चित्रशैलीखेरीज फारसे साधन उरत नाही.