धोका कमी विजेचा

२३ मे २०१९ रोजी दक्षिण कोरियातल्या गांगनुंग शहरात हायड्रोजनच्या टाक्या फुटल्या. दोघे ठार झाले, सहा जखमी. सौरविजेने पाण्याचं विघटन करून हायड्रोजन बनवण्याचा तो प्रायोगिक प्रकल्प होता. तपासात आढळलं, की हायड्रोजनच्या टाकीत ऑक्सिजन मिसळला होता. ठिणगी केवळ निमित्त.

भार वाढला की यंत्र बिघडतं, असा आपला नेहमीचा हिशेब. पाण्याचं विजेने विघटन करणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे इलेक्ट्रोलायझरच्या, बाबतीत तो उलटा पडतो. दोन वायूंच्या मध्ये तिथे असतो एक पातळ पडदा. तो कितीही चांगला असला तरी थोडा हायड्रोजन ऑक्सिजनकडे आणि थोडा ऑक्सिजन हायड्रोजनकडे झिरपतोच आणि वीज घटली म्हणून ही गळती त्या प्रमाणात घटत नाही. भर दुपारी ऑक्सिजन इतका तयार होतो, की त्यात झिरपलेला हायड्रोजन खिजगणतीतही नसतो. ढग आले की ऑक्सिजन कमी पडतो, गळती मात्र जवळपास तेवढीच. ऑक्सिजनमधला हायड्रोजन ४ टक्क्यांच्या आसपास पोचला की मिश्रण स्फोटक होतं. म्हणून साधारण २ टक्क्यांवरच यंत्र बंद करतात. पण बंद करणंही फुकटात पडत नाही: क्षारीय द्रावणावर चालणाऱ्या यंत्रांत वीज थांबताच उलटा प्रवाह वाहू लागतो आणि इलेक्ट्रोड खराब होत जातात.

बिघाड ओळखायचा कसा? पहिला साक्षीदार व्होल्टेज. पाणी फोडायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात यंत्रातल्या प्रत्येक सेलला १.८ ते २ लागतात. तेवढ्याच प्रवाहाला व्होल्टेज महिनोन्‌महिने चढत गेलं, तर काहीतरी झिजतंय. अचानक उतरलं तर जास्त घाबरावं, कारण आत शॉर्ट झालेलं असू शकतं. अडचण अशी, की सौर किंवा पवनविजेवर प्रवाहच क्षणाक्षणाला बदलतो, आणि त्याबरोबर व्होल्टेजही. म्हणून या प्रवाहाला, या तापमानाला, या दाबाला व्होल्टेज किती असायला हवं, ते संगणक आधी काढतो आणि प्रत्यक्ष आकड्याशी ताडून पाहतो. तेही सेलगणिक करायला हवं. शंभर सेलच्या बेरजेत एक आजारी सेल सहज लपतो.

वायूतली भेसळ मोजणारं उपकरण असतंच. पण वायू आणि द्रव वेगळे करणाऱ्या टाकीतून वायू फिरून त्याच्यापर्यंत येईतो वेळ जातो, आणि ढग काही तेवढं थांबत नाही.