हिमरात्र आणि तिचे कारागीर

हिरोशिगे (१७९७–१८५८) या जपानी चित्रकाराच्या 'कांबारा' या चित्रात हिवाळ्यातील एक रात्र आहे. उतारावरची घरे, छपरांवर बर्फाचे जाड थर आणि अंग चोरून चाललेले तीन वाटसरू. कांबारा हे एदो ते क्योतो या तोकाइदो मार्गावरचे, सुरुगा उपसागराच्या काठचे गाव. या मार्गावरचे ५३ मुक्काम आणि दोन्ही टोके अशी ५५ चित्रे १८३३-३४ च्या सुमारास निघाली, त्यांतलेच हे एक. गंमत अशी, की या उबदार किनाऱ्यावर एवढा बर्फ सहसा पडत नाही. चित्रकाराने ही रात्र बहुधा मनानेच रचली असावी.

आम्हा पिंपरी-चिंचवडकरांना बर्फ ठाऊक तो उसाच्या रसातला. तरीही हे चित्र मला जवळचे वाटते, ते त्याच्या घडणीमुळे. ते कुंचल्याने रंगवलेले नाही, लाकडी ठशांनी छापलेले आहे. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करी. कोरणारा ते चेरीच्या कठीण लाकडावर उपडे चिकटवी आणि रेषा तेवढ्या राखून बाकीचे लाकूड काढून टाकी. त्यात मूळ रेखाटन नष्टच होई. मग रंगांसाठी वेगवेगळे ठसे. छापणारा ओलसर कागद ठशावर ठेवून 'बारेन' नावाच्या चपट्या गोल गादीने पाठीमागून घाशी. छपरांवरचा बर्फ मात्र कोणी रंगवलेला नाही. तो कोरा सोडलेला कागद आहे.

इतके ठसे एकाच कागदावर नेमके बसावेत कसे? त्यासाठी प्रत्येक ठशावर दोन खाचा असतात, त्यांना 'केंतो' म्हणतात. माझे वडील भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस टूल बनवतात. तेथेही पत्र्याची पट्टी एकेका टप्प्याने सरकताना पायलट पिनेने जागेवर बसते. केसभर चुकले तर माल भंगारात. ही रीत मी त्यांना सांगितली. "कला शाखेत काय शिकतेस?" असे एरवी विचारणारे वडील म्हणाले, "ठसा झिजल्यावर काय करतात?" प्रश्न नेमका होता. झिजलेल्या ठशाच्या रेषा बोथट उमटतात आणि त्यावरूनच जाणकार आधीची प्रत व नंतरची प्रत ओळखतात.

'कांबारा'च्या काही प्रतींत आकाशाचा काळोख वरून खाली फिका होत जातो, तर काहींत तो क्षितिजापासून वर चढतो. ही छटा छापणारा ठशावरचा रंग हाताने पुसून साधतो. म्हणजे रात्र किती दाटावी, यात त्याचाही वाटा. चित्रावर मात्र हिरोशिगेंची सही आणि प्रकाशकाचा शिक्का आहे. कोरणाऱ्याचे आणि छापणाऱ्याचे नाव नाही.

आपल्याकडेही असेच घडले. राजा रविवर्मा यांचा १८९४ साली मुंबईत निघालेला छापखाना पुढे आपल्या लोकलच्या वाटेवरील मळवलीस आला. तेथे लाकडाऐवजी दगड होते, पण रंगागणिक वेगळा दगड ही रीत तीच. लक्ष्मी-सरस्वतीच्या त्या तसबिरी घरोघरी रविवर्म्यांच्या नावाने पोहोचल्या. दगड घासणारे, रंग जुळवणारे हात कोणाला आठवतात?

याने हिरोशिगेंची वा रविवर्म्यांची थोरवी उणी होत नाही. परंतु छापील चित्र पाहताना ते कोणी काढले, एवढ्यावरच न थांबता कोणी कोरले व कोणी छापले, हेही विचारावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.