भाचा कुठल्या गावचा?

मागच्या वर्षी माझी ताई साडेचार वर्षांच्या लेकाला घेऊन पुण्याहून इंदूरला माहेरी आली, ती राहायलाच. महिन्याभरात भाऊजींनी पुण्याच्या कुटुंब न्यायालयात मुलाच्या ताब्यासाठी अर्ज केला. काका म्हणाले, "आपणही इथे दावा टाकू. मूल आपल्याकडे आहे ना?"

वकीलबाईंनी ते तिथेच थांबवलं. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ प्रमाणे अर्ज कुठल्या कोर्टात करायचा, हे मूल सामान्यतः कुठे राहतं यावर ठरतं. मूल आज कोणाच्या कडेवर आहे यावर नाही. सामान्यतः कुठे, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रुची माजू खटल्यात म्हटलं आहे. भाच्याचं घर, शाळा, डॉक्टर सगळं पुण्याचं; महिन्याभरात गाव बदलत नाही.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. पण त्याच कायद्यात मुलाचं हित सर्वांत वर ठेवलं आहे. पुण्याचा खटला इंदूरला हलवायचा, तर राज्य बदलतं. त्यासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं. ताईने ते टाळलं आणि दर तारखेला रात्रीची बस धरली.

ती पुण्याला गेली की भाचा माझ्याजवळ असे. एका संध्याकाळी त्याने वाजणारा फोन माझ्यासमोर धरला. "मावशी, बाबा आहेत. उचलू? तू रागावशील?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाऊजींचे फोन मीच कापत होते, ताईला न सांगता.

त्या रात्री ताईला सगळं सांगितलं. ती बोलली नाही, पण पुढच्या तारखेला समुपदेशकांसमोर बसायला तयार झाली. दोन बैठकांत ठरलं: शाळा इंदूरला आईकडे, उन्हाळ्याची आणि अर्धी दिवाळीची सुट्टी पुण्याला, रोज संध्याकाळी बाबांशी बोलणं. कोर्टाने तसा आदेश दिला. परिस्थिती बदलली, तर तो बदलून मागता येतो.

तुमच्याही घरात अशी वेळ आली, तर दावा कुठे टाकायचा ते वकील सांगतील. मुलाचा फोन मात्र कोणी कापू नका. आमच्याकडे आता साडेसात वाजले की मीच हाक मारते, "ये रे, बाबा वाट बघत असतील."