जठराचा कर्करोग : वारसा आणि रक्तचाचणी

घरात कुणाला जठराचा कर्करोग झाला, की तो मुलांनाही होणार, अशी भीती कुटुंबाला ग्रासते. बहुतेक वेळा ती निराधार असते. या रोगाचा संबंध मुख्यतः 'हेलिकोबॅक्टर पायलोरी' या जंतूचा दीर्घकालीन संसर्ग, तंबाखू आणि अतिखारवलेले अन्न यांच्याशी आहे. खऱ्या अर्थाने आनुवंशिक रुग्णांचे प्रमाण एक ते तीन टक्केच असते. मात्र अशा कुटुंबांत तो ऐन तारुण्यात गाठतो.

न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या असे मृत्यू होत होते. या कुटुंबाच्याच पुढाकारातून झालेल्या संशोधनात १९९८ मध्ये कारण सापडले : सोळाव्या गुणसूत्रावरील 'सीडीएच-१' जनुकातील दोष. या जनुकापासून बनणारे 'ई-कॅडहेरिन' हे प्रथिन पेशींना एकमेकींशी जखडून ठेवते. ते नाहीसे झाले, की पेशी सुट्या होऊन जठराच्या अस्तराखाली पसरतात. गाठ तयार होत नसल्याने दुर्बिणीच्या तपासणीतही रोग निसटू शकतो.

आई किंवा वडिलांपैकी एकात हा दोष असल्यास प्रत्येक अपत्यात, मुलगा असो वा मुलगी, तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. दोष असलेल्या प्रत्येकाला कर्करोग होतोच असे नाही; स्त्रियांना मात्र एका विशिष्ट प्रकारच्या स्तनाच्या कर्करोगाचाही धोका असतो.

चाचणी रक्ताच्या नमुन्यावर होते. ती शक्यतो प्रथम रुग्णाची करावी. त्याच्यातील नेमका दोष कळला, तरच निरोगी नातेवाइकांच्या अहवालाला पक्का अर्थ येतो. तो दोष ज्याच्यात नाही, त्याच्यापासून पुढच्या पिढीत तो जात नाही.

दोष आढळल्यास निर्णय कठीण असतो. निरोगी दिसणारे जठर शस्त्रक्रियेने पूर्ण काढणे, हा सर्वांत खात्रीचा उपाय. त्यानंतर माणूस जगतो. पण थोडे-थोडे खावे लागते आणि बी-१२ जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते. म्हणूनच चाचणीआधी समुपदेशन अत्यावश्यक ठरते.

मुंबईत टाटा स्मारक केंद्रात कर्करोगाच्या आनुवंशिकतेविषयी सल्ला मिळतो. तेथे जाताना तीन पिढ्यांची माहिती न्यावी : कुणाला, कोणत्या वयात, कोणता कर्करोग झाला. खारदांड्यासारख्या जुन्या कोळीवाड्यात, जेथे नातलग शेजारी-शेजारीच राहतात, तेथे घरातील वडीलधाऱ्यांकडून ती सहज मिळू शकते. पन्नाशीच्या आत पसरणाऱ्या प्रकारचा जठराचा कर्करोग झालेली एक व्यक्ती जरी कुटुंबात असली, तरी हा सल्ला घेणे हिताचे आहे.